फॉर्मालिनमधली मुशी आणि युजिनी क्लार्क

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्राच्या चिरफाडीसाठी आमच्या ट्रेमध्ये स्कोलिओडॉन असायचा. म्हणजे कोकणातून घाट चढून कोल्हापुरात आलेली, फॉर्मालिनमध्ये (मेलेले प्राणी टिकवायच्या द्रवात) मुरलेली हातभर मुशी, एक छोटा शार्कच. तिच्या डोक्यातल्या नसा मोकळ्या करताना डोळे चुरचुरायचे. घरी गेलं की आई नाकाला पदर लावून म्हणायची, "आधी अंघोळ, मग चहा." शार्कशी माझी ओळख एवढीच.

म्हणून शार्कचा अभ्यास करणाऱ्या युजिनी क्लार्कबद्दल वाचताना आधी हेवाच वाटला. जन्म १९२२चा, न्यूयॉर्कचा. वडील लवकर गेले. जपानी वंशाची आई शनिवारी कामावर जाताना पोरीला मत्स्यालयात सोडून जायची. पुढे कोलंबिया विद्यापीठात तिला ऐकवलं गेलं, की तू लग्न करशील, मुलं होतील, शिक्षण वाया जाईल. (आमच्याकडं हे सांगायला विद्यापीठ लागत नाही, आत्याबाई पुरतात.) तिनं दुसरीकडून डॉक्टरेट केली. मुलंही झाली, चार!

१९५५ मध्ये तिनं फ्लोरिडात एक छोटीशी प्रयोगशाळा थाटली. आजची मोट मरीन लॅबोरेटरी ती हीच. तिथं तिनं लेमन शार्कना शिकवलं, की पाण्यातल्या फळीला नाकानं ढोसलं की घंटा वाजते आणि खाऊ मिळतो. थंडीत शार्क खाईनासे झाले, शिकवणी थांबली. बऱ्याच आठवड्यांनी पुन्हा फळी लावली, तर पठ्ठ्यांच्या सगळं लक्षात! शार्क म्हणजे बिनडोक जबडा, असं मानायचा तो काळ. आम्ही त्याच मेंदूच्या नसा मोजून नावं पाठ केली. तो मेंदू काय शिकू शकतो, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

लाल समुद्रात तिला लेपीच्या (चपट्या माशाच्या) जातीचा एक मासा सापडला, अंगातून दुधासारखा द्रव सोडणारा. त्याला चावायला गेलेल्या शार्कला उघडा जबडा मिटताच येईना!

पण माझी आवडती गोष्ट मेक्सिकोतली. सतत पोहत राहिले नाहीत तर शार्क गुदमरतात, असा समज होता. तिथल्या इस्ला मुहेरेस बेटाजवळच्या समुद्रातल्या गुहांमध्ये तिनं स्वतः बुडी मारून पाहिलं, तर मोठे शार्क तळाशी निवांत पडलेले, तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडत. म्याडम नव्वदी ओलांडल्यावरही बुड्या मारत होत्या; २०१५ मध्ये गेल्या.

राजारामपुरीतल्या माझ्या शिकवणीत हे रंगवून सांगितलं. पोरं ऐकत होती. मग मागच्या बाकावरची एक म्हणाली, "ते ठीक आहे मॅडम, पण पेपरात आला तर काय लिहायचं, पोहतात की झोपतात?"

म्हटलं, कुठला शार्क ते आधी विचार, मग लिही.