कंट्रोल ग्रुपमधली म्हातारी

आज औषधाच्या चाचणीत तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोल ग्रुपमधल्या, दोन वर्षांच्या उंदरांच्या माद्या शवविच्छेदनाला घेतल्या. ना औषध, ना इंजेक्शन. नुसतं खाणं, पिणं आणि म्हातारं होणं. तरी एकीच्या काखेत सेंटीमीटरभर गाठ. स्तनाची गाठ काखेत कशी, असं नवखे हमखास विचारतात. अहो, उंदराच्या स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असतात!

तिचा मेंदू अलगद उचलला तर खाली पिट्युटरी, म्हणजे हार्मोन्स सोडणारी इवलीशी ग्रंथी, गडद लाल, टरारून फुगलेली. एरवी ती शोधावी लागते. हिला पिल्लं कधी झालीच नाहीत, तरी स्तनग्रंथीत दूध. वयोमानाने मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा लगाम सैल पडला की पिट्युटरी प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन सोडतच राहते, आणि स्तनग्रंथी वाढत जातात.

सी३एच या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदरांत स्तनाच्या गाठींचं कारण निराळं. आईच्या दुधातून काहीतरी पिल्लांत उतरतं हे बिटनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये दाखवलं; तो पुढे विषाणू निघाला. आपल्या कर्करोग-संशोधक कमल रणदिवेंनीही मुंबईत उंदरांच्या स्तनकर्करोगावर वर्षानुवर्षं काम केलं.

कंट्रोलसाठी एवढे पिंजरे कशाला अडवायचे, असं मीटिंगमध्ये पुन्हा कुणी म्हणालं तर हिचीच स्लाइड दाखवणार. औषधाच्या गटात ही गाठ निघाली असती तर सगळं खापर औषधावर फुटलं असतं.