सुरुवात वॉल्टर पार्डनपासून करा

‘इंग्लिश लोकगीतं ऐकायची म्हटलं तर कुणापासून सुरुवात करू?’ असं मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा गिटार घेतलेला दाढीवाला असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: वॉल्टर पार्डन. ना गिटार, ना साथ. एका सुताराचा नुसता गळा.

जन्म १९१४ चा, इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यातल्या नॅप्टन गावातला. लग्न केलं नाही. महायुद्धात लष्करात गेले तेवढी वर्षं सोडली, तर सगळं आयुष्य जन्मल्या घरातच काढलं. गाणी मिळाली मामांकडून, बिली गी यांच्याकडून, आणि मामांना ती त्यांच्या वडिलांकडून. नाताळात घरची मंडळी जमली की गाणी व्हायची. ज्याचं गाणं त्यानेच म्हणायचं, असा रिवाज. १९४२ मध्ये मामा गेले, मागोमाग ती पिढीच सरली. बरोबरीच्यांना या गाण्यांचं काही पडलेलं नव्हतं. पार्डननी मात्र शब्द वहीत उतरवून ठेवले आणि चाली विसरू नयेत म्हणून एकटेच मेलोडियन, म्हणजे बटणांची, भात्याची हातातली पेटी, वाजवत बसू लागले. पुढची कितीतरी वर्षं ऐकायला कुणीही नव्हतं.

मेलोडियनमध्ये एकाच बटणावर भाता मिटताना एक स्वर निघतो, उघडताना दुसरा. ‘सा’ मिटताना निघतो, त्यामुळे अलीकडच्या बहुतेक चाली भाता मिटूनच संपतात. डोरियनसारख्या जुन्या युरोपीय स्वरसप्तकांतल्या चालींचा मुक्काम वेगळ्या स्वरावर, तो भाता उघडताना येतो. पार्डन यावरूनच चालीचं वय ओळखायचे: भाता ताणलेला राहिला तर गाणं जुनं. संगीतशास्त्राचं पुस्तक न उघडता! हा आडाखा दरवेळी खरा ठरेलच असं नाही, पण असा कान असलेला माणूस गातो कसा, हे ऐकावंसं वाटणारच.

सत्तरच्या दशकात नात्यातल्या एकाच्या आग्रहावरून त्यांनी गाणी टेपवर भरली. ती टेप पीटर बेलामी या गायकाच्या हाती पडली आणि बिल लीडर यांनी ध्वनिमुद्रण केलं. ‘अ प्रॉपर सॉर्ट’ ही पहिली एलपी १९७५ मध्ये आली, तेव्हा पार्डन साठी ओलांडलेले. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेत गाऊन आले.

पहिल्यांदा ऐकताना सपाट वाटेल, हे आधीच सांगतो. गोष्टीत खून होवो की लग्न, आवाज तोच. रडवायचा प्रयत्न नाही, टाळ्यांसाठी जागा नाही. दोन-तीन गाण्यांनंतर मात्र शब्दच पुढे येऊ लागतात आणि इतरांचं गाणं जरा नाटकी वाटायला लागतं. निदान माझं तसं झालं.

निवडक हवं असेल तर टॉपिक या रेकॉर्ड कंपनीची ‘अ वर्ल्ड विदाउट हॉर्सेस’ ही सीडी घ्या. शेतमजूर संघटनेची आणि म्युझिक हॉलमधली, म्हणजे जुन्या करमणुकीच्या रंगमंचावरची, हलकीफुलकी गाणीही त्यांना भरपूर यायची. पण ती दुसऱ्या आठवड्यात.