आमची वाटचाल : एकच दर, घरमालकालाही आणि मिस्त्रीलाही

माझे वडील फरशी बसवायचे. कराड तालुक्यातल्या कितीतरी घरांत त्यांनी घातलेली शहाबादी आजही जागची हललेली नाही. फरशी बसली की ते हातोडीच्या दांड्याने चारही कोपरे ठोकून बघायचे. आवाज पोकळ आला की फरशी परत उचलायची, मग अंधार पडो नाहीतर मालक घाई करो. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्या हाताखाली माल कालवायचो. २००९ मध्ये मलकापूरला हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही टाइल्सचं दुकान टाकलं, ते त्यांच्या साठवलेल्या पैशांवर आणि पतसंस्थेच्या कर्जावर. माल मोरबीचा. गुजरातेतलं हे गाव आधी कौलं आणि भिंतीवरची घड्याळं यांसाठी ओळखलं जायचं. आज आपल्या घरांतल्या बहुतेक टाइल्स तिथूनच येतात.

पहिली काही वर्षं आम्हीही धंदा चारचौघांसारखाच केला. घरमालक मिस्त्रीला घेऊन यायचे, आम्ही दर सांगायचो, आणि माल उतरला की मिस्त्रीला चौरस फुटामागे दोन-तीन रुपये वेगळे द्यायचो. हे पैसे दुकानदाराच्या खिशातून जातात असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. ते दरातच धरलेले असतात.

२०१८ च्या दिवाळीनंतर एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या आणि त्यांनी काउंटरवर दोन बिलं शेजारी शेजारी ठेवली. एक त्यांचं, एक त्यांच्या भावजयीचं. दोन्ही आमचीच. तीच दोन बाय दोन फुटांची डबल चार्ज (रंगाचे दोन थर दाबून केलेली) टाइल, तोच महिना. भावजय एकट्या आल्या होत्या, त्यांना ४५ चा दर. बाई मिस्त्रीला घेऊन आल्या होत्या, त्यांना ४८ चा. ९०० फुटांना २,७०० रुपये जास्त. बाई चिडल्या नाहीत. “पेन्शनीतून घर बांधतेय हो,” एवढंच म्हणाल्या. मी पैसे परत केले, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

वडिलांना सांगितलं. मला वाटलं, ते मिस्त्रीवर चिडतील. ते म्हणाले, “त्याला चोर ठरवू नको. माप तो काढतो, पेट्या तो मोजून घेतो, फुटका नग तो बाजूला काढतो. त्या कामाचे पैसे दे. पण बिलावर लिहून दे.”

त्या दिवसापासून आमच्याकडे दर एकच. मालक एकटे येवोत, मिस्त्रीबरोबर येवोत, ठेकेदाराला पाठवोत. मिस्त्रीने मोजमाप केलं असेल तर त्याची मजुरी बिलावर वेगळ्या ओळीत, मालकांना दिसेल अशी. आणि ॲडेसिव्ह, ग्राउट, स्पेसर, कटरची पाती हा जो माल मिस्त्री स्वतःच्या कामासाठी घेतो, त्यावर त्याला सूट. ती किती, हे भिंतीवर लिहिलेलं आहे.

पहिलं वर्ष फार जड गेलं. निम्म्याहून जास्त मिस्त्र्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली, टेम्पो विकावा लागला. मग हळूहळू एकेक परत आले. मजुरी ठरल्या दिवशी मिळते आणि मालकांपुढे मान खाली घालावी लागत नाही, हे त्यांनीच एकमेकांना सांगितलं.

दुसरी चूक आमची आम्हालाच उशिरा कळली. दोन बाय दोनच्या पेटीत चार नग, म्हणून पेटी १६ फुटांची, असा बाजारातला सरधोपट हिशोब. प्रत्यक्षात टाइल ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमीच. चार नगांचे होतात १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. हजार फुटांना १६ च्या हिशोबाने ६३ पेट्या लागतात, खऱ्या हिशोबाने ६५. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गॅस महागला म्हणून मोरबीतले बहुतेक कारखाने महिनाभर बंद होते. नेमकं तेव्हाच आमच्या एका गिऱ्हाइकाला शेवटच्या खोलीत दोन पेट्या कमी पडल्या. त्या बॅचचा, म्हणजे कारखान्यात त्याच वेळी बनलेला माल कुठेच मिळेना. दुसऱ्या बॅचची टाइल लावून बघितली तर रंगछटेतला फरक दारातूनच दिसायचा. वास्तुशांतीची तारीख पुढे गेली. आता आम्ही साडेपंधरानेच मोजतो, तुटफुटीसाठी पाच टक्के वर धरतो, बॅच नंबर बिलावर लिहितो आणि न फोडलेल्या पेट्या परत घेतो.

दर पडताळायला लोक तीन-तीन इस्टिमेटं घेऊन येतात, ते मला मनापासून आवडतं. फक्त तिन्ही दर एकाच पायरीवर आणून बघा. एक जण ४२ सांगतो, दुसरा ४८. पण ४२ वर १८ टक्के जीएसटी धरला की ४९ रुपये ५६ पैसे होतात, आणि भाडं-हमाली फुटाला तीन रुपये पडली की दर साडेबावन्नच्या वर जातो. ४८ वाल्याने सगळं धरून घरपोच दर सांगितला असेल तर स्वस्त कोण? (२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सुरुवातीचे साडेचार महिने टाइल्सवर २८ टक्के कर होता. “बिलाशिवाय द्या” म्हणणारे तेव्हा रोज यायचे. बिल नसेल तर बॅचची तक्रार कुणाकडे करणार?)

पेटीवर प्रीमियम (पहिल्या प्रतीचा माल) छापलंय की कमर्शियल (त्याखालच्या प्रतीचा), तेही बघा. आणि एक सोपी परीक्षा दुकानातच करा : दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून उभ्या धरा. मधून उजेड दिसला तर टाइल वाकलेली आहे, मिस्त्री कितीही चांगला असला तरी सांधे वर-खाली होणार.

थेट मोरबीहून मागवायचं का, असंही विचारतात. एका घराचा माल दीड-दोन टन, त्याला अख्खा ट्रक लागत नाही. दोन-चार घरं एकत्र येत असतील तर जरूर मागवा, माल कसा तपासून घ्यायचा ते आम्ही सांगू.

वडील आता पंच्याहत्तरीचे आहेत. रोज अकराला दुकानात येतात, आणि नवीन माल उतरला की पहिली पेटी त्यांच्यासमोर फोडायची असते. टाइल बोटांच्या टोकावर धरून दुसऱ्या हाताने ते ती वाजवून बघतात. तुमच्याकडे दुसऱ्या दुकानाचं इस्टिमेट असेल, तरी घेऊन या. बसून हिशोब करू.