जेपेग नेमके काय टाकून देते

गेल्या आठवड्यात मी एका तक्त्याचा स्क्रीनशॉट जेपेग या चित्रांच्या फाईल-स्वरूपात साठवला आणि नंतर तो मोठा करून पाहिला, तेव्हा प्रत्येक आकड्याभोवती राखाडी धूळ बसल्यासारखी दिसली. दोष जेपेगचा नव्हता. जे काम त्याचे नाही ते मी त्याच्यावर लादले होते.

४००० गुणिले ३००० पिक्सेलच्या छायाचित्रात दर पिक्सेलमागे लाल, हिरवा आणि निळा असे तीन बाइट धरले, तर कच्ची माहिती ३ कोटी ६० लाख बाइट भरते. जेपेग ती अनेक पटींनी आटवते, ते आपल्या डोळ्यांच्या मर्यादांवर भिस्त ठेवून. उजेडातला सूक्ष्म फरक आपल्याला चटकन कळतो, रंगातला तितकासा कळत नाही. म्हणून जेपेग उजेड आणि रंग वेगळे करते व रंगाची माहिती बहुधा आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून निम्मी करते. एवढ्यानेच एकूण माहिती अर्ध्यावर येते.

खरी गंमत पुढे आहे. चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात आणि नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या गणिती पद्धतीने प्रत्येक चौकोन ६४ ठरावीक लहरींच्या, म्हणजे कमी-अधिक दाट चढउतारांच्या नमुन्यांच्या, बेरजेत मांडला जातो. मग प्रत्येक लहरीच्या आकड्याला कोष्टकातल्या संख्येने भागून उत्तर पूर्णांकात आणतात. बारीक लहरींचे भाजक सहसा मोठे असल्याने त्यांतल्या बहुतेकांचे शून्य होते, आणि ते शून्य परत भरून येत नाही. ‘क्वालिटी’ची पट्टी सरकवताना आपण हेच भाजक बदलत असतो. आकाश, त्वचा, धुके यांत बारीक लहरी मुळात कमीच असतात, त्यामुळे तिथे काही हरवल्याचे जाणवत नाही. काळ्या अक्षराची पांढऱ्यावरची धारदार कड मात्र त्याच लहरींवर उभी असते. त्या गळाल्या की उरलेल्या लहरींचे तरंग चौकोनभर पसरतात. माझ्या तक्त्यावरची धूळ ती हीच.

पीएनजी हे चित्रांचे दुसरे फाईल-स्वरूप काहीच टाकून देत नाही. डावीकडच्या आणि वरच्या शेजाऱ्यांवरून ते पिक्सेलचा अंदाज बांधते, फक्त चुकलेला फरक लिहिते आणि मग तो डिफ्लेट या काहीही न गमावता माहिती आवळणाऱ्या पद्धतीने आवळते. सपाट पार्श्वभूमीवर हा फरक शून्यच असल्याने फाईल लहान होते. छायाचित्रात मात्र कॅमेऱ्याच्या सेन्सरची खरखर प्रत्येक अंदाज चुकवते आणि फाईल फुगते. जिफ या जुन्या चित्र-स्वरूपाच्या २५६ रंगांच्या मर्यादेची आणि त्यातल्या एलझेडडब्ल्यू या माहिती आवळण्याच्या पद्धतीवरच्या पेटंटची कटकट झाली नसती, तर १९९६ मध्ये पीएनजी आले असते की नाही, याची मला शंकाच आहे. २०१० मध्ये आलेल्या वेबपी या चित्र-स्वरूपाने माहिती टाकणारी आणि न टाकणारी अशा दोन्ही पद्धती एकाच नावाखाली ठेवल्या, त्यामुळे नुसत्या फाईलच्या नावावरून आता काही कळत नाही.

माझा तो बिघडलेला स्क्रीनशॉट मी हट्टाने पीएनजीत बदलून पाहिला. फाईल मोठी झाली आणि धूळ कणन्‌कण शाबूत राहिली. शेवटी तक्ता पुन्हा उघडून नवा स्क्रीनशॉट घ्यावा लागला.