उघडणारा कोण?

रविवार, रात्री उशिरा

लेकीबरोबर आज एसएटीचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, आणखी एक सराव संच सोडवला. वाचन आणि लेखन मिळून ५४ प्रश्न, ६४ मिनिटं, २७-२७ प्रश्नांचे दोन भाग. त्यात निव्वळ व्याकरणाचे ११ ते १५. परीक्षा तिची आहे, पण हे व्याकरणाचे प्रश्न मीही वेगळ्या वहीत सोडवते. तिची पद्धत मला पटत नाही. ती चारही पर्याय मनात वाचते आणि कानाला जो बरा वाटेल तो निवडते. बहुतेक वेळा बरोबर येतं. चुकतं तेव्हा मात्र का चुकलं ते तिला सांगता येत नाही, आणि पुढच्या संचात तीच चूक पुन्हा होते.

मी मराठी माध्यमातली. इंग्रजीच्या बाबतीत मला कानाचा भरवसा नाही, नियमच हवा.

आज मात्र ती बरोबर आली आणि मी चुकले. वाक्य साधारण असं होतं: 'द कलेक्शन ऑफ शेल्स फ्रॉम द टू आयलंड्स', आणि पुढे गाळलेली जागा. पर्यायांत तीन अनेकवचनी क्रियापदं, एक एकवचनी. मी अनेकवचनी उचललं. असले प्रश्न माझ्या वहीत आधी चार वेळा चुकलेत, म्हणून आज उत्तर बघून पान उलटलं नाही. तेच वाक्य मराठीत लिहून पाहिलं: 'दोन बेटांवरच्या शिंपल्यांचा संग्रह तिथे आहे.' आणि लख्ख कळलं. मराठीत बेटं आणि शिंपले आधी येऊन जातात, तेही प्रत्यय लावून, म्हणजे आपण कर्ता नाही हे अंगावरच लिहून. संग्रह त्यांच्यानंतर, क्रियापदाच्या बाजूला. इंग्रजीत सगळं उलटं. कलेक्शन सुरुवातीलाच येऊन जातं आणि आयलंड्स क्रियापदाला खेटून बसतात, त्यांच्या अंगावर प्रत्ययाची काही खूण नाही. म्हणून मी जन्मभराच्या सवयीने शेजारचं नाम धरत होते. पाचही चुका एकाच जातीच्या निघाल्या. इतकं बरं वाटलं की लेकीला हाक मारून दोन्ही वाक्यं एकाखाली एक दाखवली. ती म्हणाली, "आई, मी बरोबर लिहिलं, पण हे मला माहीतच नव्हतं."

नंतर तिचा एक प्रश्न चुकला. 'ओपनिंग द विंडो' असं सुरू होणारं वाक्य, स्वल्पविराम, आणि पुढचा सगळा भाग निवडायचा. तिने 'द रेन केम इन'सारखा पर्याय घेतला. 'खिडकी उघडताच पाऊस आत आला' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे, खिडकी कुणी उघडली असं कुणी विचारत नाही. इंग्रजीत तोच पाऊस खिडकी उघडणारा ठरतो. इथे शाळेतली युक्ती कामी आली. कर्ता शोधायला आम्ही धातूला 'णारा' लावून 'कोण?' असं विचारायचो. खाणारा कोण, वाचणारा कोण. तेच विचारायचं: उघडणारा कोण? त्याचं नाव स्वल्पविरामानंतर लगेच यायला हवं. तिने तसले आणखी सहा प्रश्न काढले, सहाही बरोबर.

विरामचिन्हांचे प्रश्न मला सगळ्यात आवडतात. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची नाहीत, तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. दोघांचं काम तिथे एकच, त्यामुळे दोन पर्यायांत फरक फक्त त्या दोन चिन्हांचा असेल तर ते दोन्ही चूक, कारण बरोबर उत्तर एकच असतं. लेकीला ही पळवाट फार आवडते. मी तिला आधी दोन्ही बाजूंची वाक्यं स्वतंत्र उभी राहतात का ते बघायला लावते. मराठीत ही चिन्हं इंग्रज कोशकार मेजर कँडी यांनी इंग्रजीवरूनच आणली, पण शाळेत आम्हाला त्यांची नावं पाठ होती, कामं नाही. अर्धविराम मी या वर्षी शिकले.

झोपायच्या आधी तिला २००२च्या पीएसएटीतला, म्हणजे एसएटीच्या आधीच्या सराव परीक्षेतला, वाक्यातली चूक शोधायचा प्रश्न सांगितला. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्याविषयीचं वाक्य, 'टोनी मॉरिसन्स जीनियस एनेबल्स हर' अशी त्याची सुरुवात, आणि परीक्षकांचं उत्तर होतं 'चूक नाही'. एका शिक्षकाने हरकत घेतली: 'हर' हे मॉरिसनसाठी आहे, पण वाक्यात मॉरिसन नाहीच, आहे ते 'मॉरिसन्स', म्हणजे षष्ठी. सर्वनामाने षष्ठीतल्या नामाकडे बोट दाखवायचं की नाही यावर बराच पत्रव्यवहार झाला. शेवटी तो प्रश्न गुणांतून वगळावा लागला.

माझ्या मते वाक्य बरोबर होतं. 'मॉरिसन यांची प्रतिभा त्यांना लिहितं करते' यात कुणाचाच घोटाळा होत नाही. लेकीला ते मान्य नाही. इंग्रजीचा नियम मराठीवरून कसा ठरवणार, असं तिचं म्हणणं, आणि त्यावर माझ्याकडे आज उत्तर नव्हतं. दिवा मालवल्यावरही ती अंधारात 'एनेबल्स हर, एनेबल्स मॉरिसन' असं पुटपुटत होती.