आमची वाटचाल : पाइपपासून ब्लँकेटपर्यंत

मिरजेच्या तंबोऱ्याला पोटाची गोलाई भोपळ्याकडून आयती मिळते. सरोद अखंड ठोकळ्यातून कोरतात. गिटारच्या बाजूंसाठी मात्र सव्वादोन मिलिमीटर जाडीच्या, साधारण ८०० मिमी लांबीच्या सरळ लाकडी पट्टीला तीन बाक द्यावे लागतात : खालचा फुगवटा, कंबर आणि वरचा फुगवटा. अशा दोन पट्ट्या, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असाव्यात तशा. आमच्या वर्कशॉपमध्ये गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त बदल झाले ते याच एका कामात.

सुरुवात पाइपवर झाली. साधा एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलचा पाइप, व्यास ५० ते ६० मिमी, एक टोक शिकंज्यात आणि आतून गॅसच्या बर्नरची ज्योत. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाइप वापरू नये. तापला की जस्ताचा मुलामा जळतो आणि तो धूर छातीत जातो. पाइप किती तापलाय हे पाण्याच्या थेंबावरून कळतं. थेंब चुर्र करून जागच्या जागी उडाला तर काम सुरू करावं. तो गोळी होऊन घरंगळत गेला, तर पाइप फार तापलाय आणि पट्टीवर काळा डाग पडणारच. पट्टी ओली करून पाइपवर पुढे-मागे डोलवत ठेवायची, बाहेरून धातूच्या पातळ पट्टीचा आधार द्यायचा आणि दाब हलका पण सतत ठेवायचा. एका क्षणी लाकूड हाताखाली ढिलं पडतं. त्याआधी जोर लावला की पट्टी मोडते.

वाकवते ती उष्णता. लाकडाचे धागे एकमेकांना चिकटवून धरणारं लिग्निन तापून मऊ होतं, म्हणून धागे एकमेकांवरून सरकतात. ओल असली की ते कमी तापमानाला मऊ होतं, उष्णता आतपर्यंत पोचते आणि पृष्ठभाग करपत नाही. पाण्याचं काम एवढंच. पट्ट्या रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची पद्धत आम्ही बंद केली. फार भिजलेली शिसवी वाळताना लाटा धरते आणि रुंदीत पन्हळीसारखी वळते. दोन्ही बाजूंना पाण्याचे फवारे मारले की भागतं.

ऑर्डरी वाढल्या तेव्हा पाइप पुरेना. डावी-उजवी पट्टी तंतोतंत जुळवायला वेळ फार जातो. मग आम्ही फॉक्स बेंडर या पट्ट्या वाकवायच्या साधनाच्या धर्तीवर साचा बनवला : प्लायवूडचा आकार, मधोमध कंबर दाबायचा स्क्रू, आणि फुगवट्यांवर पट्टी ओढून बसवायला स्प्रिंग. अशा साच्यात पूर्वी विजेचे बल्ब लावून उष्णता देत. आम्ही थेट सिलिकॉनचं हीटिंग ब्लँकेट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चादर घेतली. थर असे : खाली पाव मिमी जाडीची स्प्रिंग स्टीलची पट्टी, तिच्यावर ब्राउन पेपरमध्ये गुंडाळलेलं लाकूड, मग ब्लँकेट, वर पुन्हा स्टील. कागद विसरला की ओलं लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून निळे-काळे डाग पडतात. महोगनीवर ते घासूनही लवकर जात नाहीत. तापमान मोजणारं थर्मोकपल ब्लँकेट आणि लाकूड यांच्या मध्ये हवं. ब्लँकेट उघडं, हवेत चालू ठेवलं तर ते स्वतःच जळतं.

१०० अंशांना कडेनं वाफ निघते. १२० च्या आसपास कंबरेचा स्क्रू हळूहळू फिरवायला घ्यायचा, पण शेवटचे ८-१० मिमी राखून. १५० पर्यंत खालचा फुगवटा, मग वरचा, आणि शेवटी कंबर पूर्ण दाबायची. कंबर आधीच पक्की आवळली तर फुगवटे ओढताना पट्टीला सरकायला जागा उरत नाही, आणि चीर नेमकी तिथे पडते. १५० अंशांवर पाच-सात मिनिटं, मग बंद. थंड झाल्यावर पुन्हा १२० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं कोरडा शेक द्यायचा आणि रात्रभर साच्यातच ठेवायचं. या दुसऱ्या शेकात लोक घाई करतात, आणि मग पट्टी उघडते, म्हणजे बाक सैल पडतो, अशी तक्रार करतात.

व्होल्टेजकडेही बघावं लागतं. २३० चं २०० झालं तर हीटरची ताकद जवळजवळ पाव भागानं घटते. तापायला वेळ लागतो आणि लाकूड मऊ होण्याआधीच ओल उडून जाते. म्हणून स्टॅबिलायझर. पावसाळ्यात वाकवलेली पट्टी हवेतली ओल घेऊन ढिली पडते, त्यामुळे जून ते सप्टेंबर डीह्युमिडिफायर चालू असलेल्या खोलीतच, आतून बाजू ताणून धरणारा स्प्रेडर लावून, मोल्डमध्ये ठेवतो.

कटअवेचे, म्हणजे मानेपाशी एका बाजूला आत घेतलेल्या खाचेचे पैसे जास्त का, असं गिऱ्हाईक विचारतं. हिशोब सोपा आहे. बाहेरच्या बाजूचा ताण म्हणजे जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. २.२ मिमीची पट्टी ६० मिमी त्रिज्येवर वळवली तर ताण १.८ टक्के, कटअवेच्या ३० मिमीवर तो ३.७ टक्के होतो. गरम, ओलं लाकूड दाबलं तर पुष्कळ दबतं, पण ताणलं तर एक-दोन टक्क्यांच्या पुढे फारसं जात नाही. बाहेरची स्टीलची पट्टी घट्ट असली तर ताणाचा बराच भाग आतल्या बाजूला दाब म्हणून जातो. शिवाय कटअवेच्या जागी जाडी १.८ पर्यंत उतरवतो. एवढं करूनही ते शेवटचं वळण आम्ही पाइपवरच, हातानं देतो.

लाकडांचे स्वभाव वेगळे. शिसवी सगळ्यात समजूतदार. जांभळट रंग कागदावर सोडते, बाकी त्रास नाही. महोगनी बेभरवशाची, कंबरेत आतल्या बाजूनं सुरकुत्या धरते. लाटांसारखी नक्षी असलेलं फ्लेम मेपल प्रत्येक लाटेवर तुटू पाहतं, कारण तिथे धागे वर-खाली होत पृष्ठभागाबाहेर पडतात. त्याला पाणी कमी, जाडी २ मिमी आणि वेग अगदी मंद.

हल्ली जुन्या वाड्यातला सागवान घेऊन येणारे वाढलेत. तो आम्ही नाकारत नाही, पण वाकवायला सागवान मध्यमच. आधी एका तुकड्यावर पटाशी मारून तो चिरतो. चीर कडेला समांतर गेली तर पट्ट्या काढतो. तिरकी गेली किंवा खिळ्यांची भोकं मध्ये आली, तर त्या लाकडाची गिटारची पाठ करतो आणि बाजूंना शिसवी लावतो. कोटेशनमध्ये दोन्ही भाव लिहिलेले असतात.