तुम्ही विचारलंत म्हणून: लाईट गेली की छतावरचं सोलर का बंद पडतं?

"मॅडम, तुमचं बरंय. लाईट गेली तरी तुमच्याकडे पंखा चालू." ऐरोलीतल्या आमच्या रो-हाऊसच्या गच्चीवर सोलर बसल्यापासून हे वाक्य मी भाजीवाल्यापासून ते नात्यातल्या लग्नात भेटलेल्या लांबच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. "नाही हो, आमचीही जाते," म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग गंभीर होतो आणि ठरलेला प्रश्न येतो: "अहो, वर एवढं ऊन रणरणतंय, ती वीज जाते कुठे? आणि मग बसवलंत कशाला?"

फाटकाशी उभं राहून दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहितेय. मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या मुलांना शिकवायचे. त्यातली बरीच पोरं आज कुठे ना कुठे खांबावर चढतात, डीपीत हात घालतात. तेव्हा या प्रश्नाचं माझं उत्तर थोडं पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमच्याकडे आहे ते तीन किलोवॅटचं, बॅटरी नसलेलं, ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेलं सोलर. साडेपाचशे वॅटच्या आसपासचे सहा पॅनेल, त्यांची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज खाली इन्व्हर्टरमध्ये, तिथून एसी (सारखी दिशा बदलणारी, घरात वापरतो ती) होऊन घराच्या बोर्डात. चांगल्या उन्हाच्या दिवशी बाराएक युनिटं होतात, जुलैतल्या एखाद्या काळ्या दिवशी दोन-तीनवर समाधान मानायचं. आता लोकांच्या डोक्यात इन्व्हर्टर म्हणजे जिन्याखाली ठेवलेला, लाईट गेली की 'टक्' करून सुरू होणारा डबा. हा तो नव्हे. हा स्वतःच्या तालावर चालतच नाही. भजनात पेटी ज्या पट्टीत लागली असेल त्याच पट्टीत गाणारा माणूस असतो ना, तसा हा आहे. ग्रीडचा व्होल्टेज, ग्रीडची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती लाटा ते), तिची लाट नेमकी कुठल्या क्षणी वर जाते आणि कुठल्या क्षणी खाली येते, हे सगळं ऐकून तो आपली वीज तिच्यात मिसळतो. पेटी थांबली की हाही थांबतो. आणि ही पेटी केवढी, तर 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रीड बाकी देशाशी जोडली गेली, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच. ऐरोलीतला आमचा डबा त्या अख्ख्या देशाच्या 50 हर्ट्‌झशी जुळवून घेत असतो.

आता 'वीज जाते कुठे' याचं उत्तर: कुठेच जात नाही. बाहेरचा पुरवठा गेला की इन्व्हर्टर वीज घेणं थांबवतो, वाट बंद होते, पॅनेल नुसते उन्हात तापत पडतात. पण वायरींत व्होल्टेज असतोच! सहा पॅनेल एका ओळीत जोडले की तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी होतो आणि ऊन आहे तोवर तो कुठल्याही स्विचने मरत नाही. मेन स्विच पाडला म्हणजे सगळं थंड झालं, असं समजून वॉटरप्रूफिंगवाल्याला किंवा पावसाळी शेड ठोकणाऱ्याला पॅनेलखालचे कनेक्टर ओढू देऊ नका. डीसीचा स्पार्क एसीसारखा आपोआप विझत नाही.

तर मग बंद का पडायचं? निदान घरापुरतं तरी चालू द्यावं की! इथे मला तुम्हाला रस्त्याच्या टोकाच्या डीपीपर्यंत, म्हणजे गल्लीला वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, न्यावं लागेल. तिथला ट्रान्सफॉर्मर 11 किंवा 22 हजार व्होल्टचे आपल्यासाठी चारशे-सव्वाचारशे करतो, म्हणजे फेज आणि न्यूट्रलमध्ये आपल्याला 230 मिळतात. पण ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट कळत नाही. खालून 230 ढकलले तर तो इमानेइतबारे वरच्या बाजूला हजारो व्होल्ट तयार करतो. समजा केबलचा जॉइंट गेला, सबस्टेशनमधून फीडर (या भागाला वीज आणणारी लाईन) बंद केला, कामाचं परमिट घेतलं आणि लाईनमन कामाला बसला. त्याच्या लेखी लाईन मेलेली आहे. आणि गल्लीतल्या एका गच्चीवरून कोणीतरी ती जिवंत करतंय.

नियमाप्रमाणे तो आधी टेस्टरने बघतो, मग अर्थिंग रॉड लावून लाईन जमिनीला बांधतो. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलंय. पण भर पावसात, रात्री दोनला, मागे सगळी गल्ली "कधी येणार लाईट?" म्हणून ओरडत असताना नियम किती पाळले जातात ते आपण सगळे जाणतो. म्हणून इन्व्हर्टरवरच सक्ती आहे: ग्रीड गेली की जास्तीत जास्त दोन सेकंदांत तुटायचं. परत आल्यावरही लगेच उडी मारायची नाही, किमान 60 सेकंद व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी नीट राहतात का ते बघायचं आणि मग जोडायचं. लाईट आल्यावर इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यावर आकडे उलटे मोजत खाली येताना दिसतात ते हेच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी "काकू, तुमचा डबा अजून उठला नाही" म्हणतात, तो तेव्हा जागाच असतो, फक्त खात्री करत असतो.

ग्रीड गेली हे त्याला कळतं कसं, हा भाग मला स्वतःला फार आवडतो. तुम्ही म्हणाल त्यात काय, व्होल्टेज गेला की कळलं. पण समजा त्याच क्षणी गल्लीतल्या गच्च्यांवरून होणारी वीज आणि घराघरांतला वापर अगदी बरोबरीचा असेल, तर व्होल्टेज जाणारच नाही. गल्लीचं एक छोटं बेट तयार होईल, स्वतःच्याच विजेवर तरंगणारं. म्हणून इन्व्हर्टर नुसता ऐकत बसत नाही, तो ग्रीडला सारखा बारीकसा धक्का देऊन बघतो, फ्रिक्वेन्सी किंचित इकडे-तिकडे ढकलतो. ग्रीड जागेवर असेल तर ती ढिम्म हलत नाही, एवढ्या पसाऱ्यापुढे आमच्या तीन किलोवॅटची काय मिजास! पण धक्क्यासरशी फ्रिक्वेन्सी हलली, तर समजायचं की समोर ग्रीड उरलेली नाही. बस, तुटला.

12 ऑक्टोबर 2020 आठवतोय? सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा–पडघे भागातल्या 400 केव्हीच्या वाहिन्या एकामागोमाग गेल्याने ते झालं. आमच्यापासून कळव्याचं सबस्टेशन काही लांब नाही. त्या सकाळी ज्यांच्या गच्चीवर साधं ग्रीडला जोडलेलं सोलर होतं, त्यांच्या घरातही, दिवसाढवळ्या, अंधारच होता. यंत्र बिघडलं म्हणून नाही. ते बरोबर चाललं म्हणून.

इथे थोडं विषयांतर करते, कारण राहवत नाही. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून भाड्याचा जनरेटर घराच्या सॉकेटमध्ये खुपसणारे महाभाग अजून आहेत, गणपतीत आणि लग्नाकार्यात हमखास. त्या जनरेटरला ना दोन सेकंदांचा नियम, ना ऐकण्याचा कान. मेन स्विच पाडायला विसरला की तो सरळ डीपीकडे वीज पाठवतो. "काही होत नाही" म्हणणाऱ्याला काही होत नाही हे खरंच आहे. होतं ते डीपीत बसलेल्याला.

दुसरा प्रश्न मला हल्ली जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्यांकडे बहुधा सोलर बसलेलं असतं: "लाईट आहे, ऊन कडक आहे, तरी भर दुपारी इन्व्हर्टर मध्येच बंद पडतो. कंपनीवाला म्हणतो ग्रीडचा प्रॉब्लेम, वायरमन म्हणतो कंपनीला विचारा." दोघंही टोलवतात, पण भौतिकशास्त्र साधं आहे. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला आपला व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा जरा वर ठेवावा लागतो. दुपारी लोक कामावर, एसी बंद, वापर कमी, त्यात गल्लीत आठ-दहा गच्च्या एकाच वेळी ढकलतायत. व्होल्टेज चढत जातो. 230 वर दहा टक्के म्हणजे 253. तिथे पोचला की इन्व्हर्टरने तुटायचं, हाही नियमच. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक घातली असेल तर काही व्होल्ट तिथेच वाढतात. तेव्हा आधी दुपारी एकच्या सुमाराला इन्व्हर्टरचा आकडा आणि मीटरपाशी मल्टीमीटरचा आकडा एकाच वेळी बघा. दोन्हींत पाच-सहा व्होल्टचा फरक असेल तर केबल बदलायची जबाबदारी बसवणाऱ्याची. मीटरपाशीच 250 च्या पुढे असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा, ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची त्यातली सोय) खाली घेता येतो. इन्व्हर्टरची मर्यादा गुपचूप वाढवून देतो म्हणणाऱ्या पोराला मात्र चहा पाजून परत पाठवा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण ते आता पूर्वीइतकं जिकिरीचं राहिलेलं नाही. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीनंतर 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळा तांत्रिक अभ्यास लागत नाही, तो मंजूरच धरतात. त्याच महिन्यात आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार असं जास्तीत जास्त 78 हजारांचं अनुदान आहे, पॅनेल मात्र भारतात बनलेल्या सेलचे लागतात. खरी अडचण भलतीकडेच असते. वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर, घर मुलाच्या नावावर, बँक खातं सुनेचं. आधी बिलावरचं नाव बदलून घ्या, मगच बाकीचं.

"मग बसवलंत कशाला?" याचं उत्तर बिलात आहे. बसतो तो नेट मीटर, बाहेरून घेतलेली युनिटं वेगळी मोजतो आणि बाहेर दिलेली वेगळी. वजाबाकी होऊन जे उरेल त्याचं बिल. दिलेली जास्त असतील तर ती पुढच्या महिन्यात जमा. आपला दर टप्प्याटप्प्याने चढतो, 100 युनिटांपर्यंत एक, 300 पर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी महाग. सोलर आधी वरचे महागडे टप्पे खातं, म्हणून ज्यांचं बिल मोठं त्यांचा फायदा मोठा, आणि महिन्याला ऐंशी युनिटं जाळणाऱ्या दोघा म्हाताऱ्यांना मी बसवा म्हणून आग्रह करत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो, तेव्हा 'शून्य बिल' या जाहिरातीकडे जाहिरात म्हणूनच बघा.

एक गोष्ट मात्र मला खुपते. शिल्लक युनिटांचा हिशेब 31 मार्चला बंद होतो आणि उरलेली युनिटं वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या, आपण भरतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने विकत घेतली जातात. आपल्या कोकणपट्टीत हिवाळ्यात आकाश स्वच्छ, एसी बंद, म्हणजे शिल्लक साठते ती नेमकी जानेवारी ते मार्च. आणि ती हवी असते एप्रिल-मेच्या उकाड्यात. पाटी पुसायची तीही अशा मुहूर्तावर! उपाय एवढाच, गरजेपेक्षा मोठं बसवून घेऊ नका. विकणारा पाच किलोवॅट सुचवेल, तुम्ही मागच्या बारा महिन्यांची युनिटं बेरीज करून बघा. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला साधारण चौदाशे युनिटं देतो.

ठाण्यात घोडबंदरकडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या मैत्रिणी विचारतात, आम्ही काय करायचं? गच्ची सोसायटीची, तेव्हा सोसायटीनेच जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाच्या मीटरवर ते जोडायचं. त्याला प्रति किलोवॅट 18 हजार अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत कोणीतरी "आपल्याकडे सोलर आहेच की" म्हणून उठेल, त्याला सांगा की ते पाणी तापवायचं आहे, त्याने लिफ्ट चालत नाही.

राहिला प्रश्न लाईट गेल्यावर पंखा चालू ठेवण्याचा. होतं तेही. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली की पुरवठा जाताच तो आधी घर ग्रीडपासून तोडतो आणि मग ठरावीक सर्किटं स्वतः चालवतो, लाईनमनला धोका नाही. पण अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर ठरतं, बॅटरीचा खर्च सगळा आपला, आणि बॅटरी पॅनेलइतकी टिकत नाही. आमच्याकडे वीज गेलीच तर तास-दोन तास, तेवढ्यासाठी मी घेतली नाही. घरात ऑक्सिजनचं मशीन चालत असेल, किंवा तुम्ही वीज तासन्‌तास जाणाऱ्या भागात राहत असाल, तर जरूर घ्या.

आणि काहीही घेतलंत तरी मीटर लावून जोडणी होईल त्या दिवशी, उन्हाच्या वेळी, घरी थांबा. इन्व्हर्टर चालू असताना बसवणाऱ्याला मेन स्विच पाडायला सांगा आणि इन्व्हर्टरच्या ग्रीडकडच्या एसी बाजूला मल्टीमीटर धरायला लावा. आकडा दोन सेकंदांत शून्यावर आला, तरच कागदावर सही करा.